जिलेटिन न गोठण्याचे दिवस

एप्रिल लागला की बडोद्यात जिलेटिन गोठत नाही.

उन्हाळा आल्याचं कुणाला गुलमोहरावरून कळतं, कुणाला गच्चीवर फडकी बांधून उन्हात ठेवलेल्या छुंद्याच्या बरण्यांवरून. मला कळतं ते प्रयोगशाळेतल्या वाडग्यावरून. सकाळी ओतलेलं मिश्रण दुपारी बघावं, तर कडेने पाणी सुटलेलं आणि मध्ये डुगडुगणारा पिवळट गोळा. बोट लावलं की बोटाबरोबर वर येतो. यंदाही तेच झालं. वाडगं सिंकमध्ये उपडं केलं, पाणी सोडलं, तर सगळं तेलकट होऊन जाळीपाशी तुंबलं. मी हातात ब्रश घेऊन उभी. एसी बंद. दुरुस्तीवाला ‘काले पाक्कुं, बेन’, उद्या नक्की, म्हणून गेला त्याला किती दिवस झाले कोण जाणे. घाम कानामागून मानेवर उतरत होता. अशा वेळी मला सगळ्यांचाच राग येतो, उन्हाचा, जिलेटिनचा, त्या दुरुस्तीवाल्याचा. मग फिरत फिरत तो राग घरी येतो, म्हणजे माझ्याकडेच.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. अँटेना आणि मायक्रोवेव्ह लहरी हा माझा विषय. गेली काही वर्षं एकाच प्रश्नामागे आहे: स्तनातली कर्करोगाची गाठ अगदी लहान असताना या लहरींनी दिसेल का? कागदावर हे इतकं साधं आणि सुंदर आहे की पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती. चरबीत पाणी कमी असतं, गाठीत जास्त. लहर चरबीतून निघून जाते आणि पाणी भेटलं की थोडी मागे फिरते. ती कुठून फिरली हे हिशेबाने काढायचं आणि पडद्यावर चित्र मांडायचं. क्ष-किरण नाहीत, दाबणं नाही. लहरी तर आपल्या खिशातल्या मोबाइलच्याहूनही क्षीण. बाईने एका टेबलावर पालथं झोपायचं, टेबलाला एक गोल भोक, त्याखाली वाडग्यासारखं भांडं आणि भांड्याच्या कडेने बोटाएवढ्या अँटेना. एक बोलते, बाकीच्या ऐकतात. मग दुसरी बोलते.

पण यंत्र माणसांवर नेण्याआधी ते कशावर तरी तपासावं लागतं. त्यासाठी नकली स्तन करायचे. जिलेटिन, पाणी, तेल आणि ते दोन्ही एकजीव व्हावं म्हणून भांडी घासायचं लिक्विड. तेल जास्त घातलं की चरबी होते, पाणी जास्त घातलं की गाठ. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात कॉलेजचा फ्रिज रुसलेला, म्हणून हे सगळं मी घरी करायचे. शेंगदाण्याचं सिंगतेल कढईत तापवायचं, हँड मिक्सर फिरवायचा, आणि आमरसाच्या पातेल्याशेजारी फ्रिजमध्ये ठेवून द्यायचं. माझा नवरा श्रीकांत कोयलीला रिफायनरीत. तो संध्याकाळी घामेजून यायचा, गार पाण्यासाठी फ्रिज उघडायचा आणि तसाच उभा राहायचा.

“अलका, यातलं खायचं कुठलं आणि संशोधनाचं कुठलं, एवढं चिकटवून तरी ठेव. परवा मी झाकण काढून वास घेतला.”

“मग?”

“विमचा आला म्हणून वाचलो.”

हसायचो आम्ही. तो उन्हाळा तसा हसण्याचाच होता, निदान अर्धा.

त्या जिलेटिनच्या गोळ्यात मी एक छोटी गोळी लपवायचे, जास्त पाण्याची. मग ते सगळं यंत्रात ठेवायचं आणि पडद्याकडे बघायचं. निळ्या पसाऱ्यात लाल ठिपका उमटायचा. कधी नीट, कधी पसरलेला, कधी दोन. दोन आले तर कुठला खरा हे मला ठाऊक असायचं, कारण गोळी मीच ठेवलेली असायची. खोटा ठिपका मी हिशेबातून काढून टाकायचे. केबल हलली असेल, अँटेना तापली असेल, भांड्यात बुडबुडा राहिला असेल. कारणं हजार, आणि सगळी खरी. पण आता वाटतं, मीच लपवायचं आणि मीच शोधायचं या खेळात माणूस कधी हरत नाही. हरत नाही, म्हणून त्याला वाटतं की आपल्याला शोधता येतं.

कुमुदताई या खेळात कशा आल्या, ते सांगते. त्या माझ्या मोठ्या नणंद. तेव्हा साठी नुकतीच ओलांडलेली. गुजराती शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या तरी बोलताना समोरच्याच्या वहीत लाल शेरा मारल्यासारख्या बोलतात. बडोद्यातच, समा भागात एका सोसायटीत राहतात. त्याच सोसायटीत दोन बिल्डिंग सोडून त्यांची मुलगी ऋजुता, बँकेत नोकरी करणारी. तर, यंत्राला जिलेटिनवर परवानगीपुरते गुण मिळाले आणि आम्हाला खऱ्या बायका हव्या झाल्या. आजारी नाहीत अशा, कसलीही तक्रार नसलेल्या. निरोगी चित्र कसं दिसतं हेच आधी शिकायचं होतं. बायका मिळेनात. कॉलेजातल्या बाया ‘हो हो’ म्हणायच्या आणि त्या दिवशी रजेवर जायच्या. कुमुदताई आपणहून म्हणाल्या, “मी येते. कुणीतरी घरचं उभं राहायला नको का?”

आल्या. टेबल बघितलं, भोक बघितलं. “हे काय गं, म्हशीच्या गोठ्यासारखं!” म्हणाल्या आणि निमूट पालथ्या झोपल्या. इतक्या स्थिर की श्वासाची सुद्धा रेघ चित्रात येऊ नये. असं माणूस आम्हाला सोन्यासारखं असतं. मी त्यांना सांगितलं होतं की ही तपासणी नाही, माझा अभ्यास आहे. एकदा सांगितलं होतं. सही घेण्यापूर्वी, नियमाप्रमाणे, जसं विमानात पट्टा कसा बांधायचा ते सांगतात तसं.

उठून साडी नीट करताना त्यांनी विचारलं, “काय दिसतंय?”

पडद्यावर सगळं निळं होतं. शांत, पसरलेलं, सुंदर निळं. मला इतका आनंद झाला होता! इतकं स्वच्छ चित्र मला तोवर मिळालंच नव्हतं. मी म्हटलं, “काही नाही ताई. जा निर्धास्त.”

एवढंच. ही थंडीतली गोष्ट.

त्या वेळी त्यांची मॅमोग्राफी ठरलेली होती. दोन वर्षांपूर्वी एकदा करून आल्या होत्या आणि तिच्यावर भयंकर चिडून होत्या. “पोळपाटावर गोळा ठेवून वरून काच दाबावी तसं दाबतात. आणि ती मुलगी मलाच रागावते, हलू नका बेन, हलू नका. मी काय पहिलीतली आहे?” माझ्याकडून गेल्यावर त्यांनी ती तारीख रद्द केली. मला फोनवर सांगितलं सुद्धा: “ते दाबणं कॅन्सल केलं हं मी. तुझ्याकडे झालंच आहे.”

मी हसले. फोनवर चक्क हसले. खरं लिहायला बसले आहे तर हेही लिहिते: मला बरं वाटलं होतं. ज्या माणसाने माझ्या लग्नात मला करंज्या लाटायला लावून त्यातल्या वाकड्या वेगळ्या काढल्या होत्या, त्या माणसाने माझ्यावर इतका विश्वास ठेवला. आणि दुसरं, त्या पुन्हा पुन्हा येणार होत्या. माझं स्वच्छ निळं चित्र पुन्हा पुन्हा येणार होतं. ‘ताई, असं करू नका, ती तपासणी करून या’ हे वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलंच नाही. आलं आणि गिळलं, असंसुद्धा म्हणता येत नाही. आलंच नाही.

मग एप्रिल आला. जिलेटिन गोठेना. लहरी मोजायचं यंत्र तापलं की आकडे सरकायचे. सकाळचं माप दुपारी जुळायचं नाही. मी ओले टॉवेल टाकून खोली गार करायचे. संध्याकाळी वारा कोयलीकडून वळला की रिफायनरीचा तो उग्र, अंडं जळल्यासारखा वास खिडकीतून यायचा आणि मी खिडकी लावून घ्यायचे, की पुन्हा उकाडा. कुमुदताई त्यातही येत होत्या. पिशवीत कधी छुंदा, कधी कैरीचं पन्हं. पालथ्या झोपायच्या. निळं चित्र. “बरंय ना?” “हो ताई.”

मेच्या शेवटी एका सकाळी त्या न सांगता आल्या. पिशवी नव्हती. “अंघोळ करताना हाताला काहीतरी लागतंय,” म्हणाल्या, “डाव्या बाजूला, काखेकडे. जरा मशीनवर बघ ना.”

मी त्यांना झोपवलं. अँटेना नीट लावल्या. चित्र आलं. निळं. पुन्हा माप घेतलं. निळं. तिसऱ्यांदा एक फिकट लाल डाग आला, तो उजव्या बाजूला, आणि तो बुडबुडा होता. मी पडद्याकडे बघत गप्प उभी. मग त्यांना म्हटलं, “दाखवा कुठे लागतंय.” त्यांनी माझं बोट धरून तिथे ठेवलं. होती. वाटाण्याहून मोठी, कडक, न सरकणारी. माझ्या बोटाखाली होती आणि माझ्या पडद्यावर नव्हती.

“ताई, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जायचं.”

बस. घरात, सोसायटीत, पुढे सगळ्या नात्यागोत्यात जी गोष्ट फिरली ती इथून फिरली. अलकाने मशीनवर बघितलं, गप्प झाली आणि लगेच डॉक्टरकडे घेऊन गेली. कुमुदताईंनी बघितलं ते खरंच तेवढंच होतं. त्यांनी खोटं काही जोडलं नाही. जे जोडलं ते मी गप्प बसून जोडलं.

आता कारण मला कळतं. काही बायकांच्या शरीरात वय झालं तरी चरबी कमी आणि ग्रंथींचा भाग जास्त राहतो. त्या भागातही पाणी असतं. गाठीतल्या पाण्यात आणि त्या पाण्यात फरक एवढा थोडा की माझ्या यंत्राला तो वेगळा काढता येत नव्हता. पुस्तकात हे लिहिलेलं आहे. मी वर्गात शिकवतेही. थंडीत ती गाठ तिथे होती की नव्हती, दाबून बघितली असती तर सापडली असती की नसती, हे आता कुणीही सांगू शकत नाही. डॉक्टर एवढंच म्हणाल्या, “थोडं लवकर आला असता तर बरं झालं असतं.” त्यांनी ते सहज म्हटलं. मी त्या ‘थोडं’मध्ये तेव्हापासून राहते आहे.

ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, आले. पुढच्या वर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कुमुदताईंनी हौसेने सोसायटीतल्या सगळ्या बायका बोलावल्या, मराठी आणि गुजराती. डोक्यावर केसांचं नवीन, करडं, मखमलीसारखं पीस. आंब्याची डाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे. कुणीतरी तब्येतीची चौकशी केली आणि त्यांनी मला हाताला धरून पुढे ओढलं. “हिच्यामुळे आहे मी. हिच्या मशीनने पकडलं. नाहीतर ते दाबायचं खूळ! दुखतं ते वेगळं, आणि लाज ती वेगळी.”

माझ्या तोंडात डाळीचा घास होता. शेजारच्या हंसाबेन जवळ आल्या, “बेन, अमारुं पण जोई आपो ने.” आमचंही बघून द्या ना. दुसरी म्हणाली, मशीन कधी सुरू होणार? तिसरीने डोळे पुसले. मी घास चावत राहिले. किती वेळ चावता येते भिजलेली डाळ! तरी चावत राहिले. शेवटी म्हटलं, “अजून वेळ आहे. प्रयोग चालू आहेत.” हेही खरंच होतं. मला खोटं न बोलता खोटं राहायची सवय त्या दिवशी लागली.

कॉलेजातही गोष्ट पोचली. ‘मॅडमच्या घरचीच केस आहे’ असं पाहुण्यांना सांगायला लागले. मी चहाचा कप उचलायचे. कधीकधी रात्री श्रीकांतला सांगावंसं वाटायचं. पण ती त्याची बहीण. आणि मग एकेक उन्हाळा जात गेला, आणि गोष्ट इतकी जुनी, इतकी सगळ्यांची झाली की ती मोडायचा मला हक्क आहे की नाही हेच कळेना. हा अर्थात बहाणा. गप्प माणसं बहाणे मोठ्या शिस्तीने करतात.

राग येतो तो याचा. यंत्र वाईट नाही. उद्या कुणाच्या तरी हातून ते चांगलं होईल, गरीब बाईला गावातल्या दवाखान्यात न दुखता तपासून घेता येईल, असं मला आजही मनापासून वाटतं. पण आज ते शिकतंय. आणि शिकणाऱ्या यंत्राला मी पास झाल्याचा शिक्का मारून घरात आणलं होतं.

हे सगळं लिहायचं कारण ऋजुता. ती चाळिशीला आली. आईला झालेलं म्हणून डॉक्टरांनी तिला तपासणी करून घ्यायला सांगितलं, त्यालाही बरेच महिने झाले. या महिन्यात एका रविवारी मी समाला गेले. कुमुदताई कैऱ्या किसत होत्या, मी साखर मोजून घालत होते. ऋजुता पंख्याखाली जमिनीवर पसरली होती.

“तपासणीचं काय केलंस गं?” मी विचारलं.

“मामी, त्या दाबादाबीत मी पडणार नाही. तुझं मशीन होऊ दे ना तयार. मी थांबते.”

“थांबू दे की,” कुमुदताई किसणीवरून मान न उचलता म्हणाल्या. “डॉक्टर बोलतात तसं. घरात सोय असताना बाहेर कशाला?”

मी साखरेचा चमचा खाली ठेवला. “ताई, मशीनमध्ये काहीच दिसलं नव्हतं.”

“कधी?”

“कधीच. थंडीत नाही आणि मेमध्येही नाही. गाठ तुमच्या हाताला लागली होती. तुम्ही माझं बोट धरून दाखवलीत, म्हणून मला कळली.”

“पण तू बघून गप्प झालीस.”

“काही दिसत नव्हतं म्हणून गप्प झाले. तुमच्या त्या रद्द केलेल्या तारखेचं मला माहीत होतं. तेव्हाही गप्प बसले.”

किसणी थांबली. कुमुदताई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, शाळेत कॉपी करताना सापडलेल्या हुशार मुलीकडे बघावं तसं.

“म्हणजे ती मलाच सापडली होती,” त्या हळू म्हणाल्या. “मला, माझ्या हाताला. आणि मी सगळ्या सोसायटीला सांगत बसले की मशीनची वाट बघा.” मग आवाज चढला. “तुला एकदाही वाटलं नाही अलका? माझं झालं ते झालं. पण ही पोरगी थांबून राहिली, तुझ्या तोंडाकडे बघून थांबली!”

“आई, पुरे,” ऋजुता उठून बसली होती.

“पुरे काय? तपासणीवाल्यांना फोन लाव. आत्ता लाव. आणि संध्याकाळी खाली चल माझ्याबरोबर, हंसाबेनपासून सुरुवात करायची आहे. मी बोलले ते मलाच निस्तरलं पाहिजे.” माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. “तू जा घरी. कैऱ्या मी बघते.”

मी गेले. चपला घालताना पाय चपलेत जाईना, इतकं साधं काम जमेना.

परवा ऋजुताच्या मॅमोग्राफीची तारीख होती. मला कुणी बोलावलं नव्हतं. तरी गेले. सेंटरच्या बाहेरच्या खोलीत कुमुदताई बसल्या होत्या, मांडीवर ऋजुताची पर्स, मान ताठ. मी एक खुर्ची सोडून बसले. त्यांनी पर्स थोडी जवळ ओढली. ऋजुताला आत नेलं. टीव्हीवर आवाज बंद करून कुठलीशी मालिका चालू होती. समोरच्या बाकावर एक तरुण बाई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी या खोलीत, अशा खोलीत, याआधी कधी बसले नव्हते. माझ्या विषयातल्या सगळ्या बैठकांना मी गेले होते, पण इथे नाही.

बराच वेळ गेला. आतून यंत्राचा बारीक गुणगुण आवाज आला आणि थांबला. कुमुदताई पर्सचा पट्टा घट्ट धरून दाराकडे बघत होत्या. तशाच, माझ्याकडे न वळता, त्यांनी विचारलं,

“काय निघेल गं हिचं?”

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. वय लहान आहे, बहुतेक काही नसतं, काळजी करू नका. वर्षानुवर्षं पाठ झालेलं, मऊ, निळं.

“मला माहीत नाही ताई,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पर्स मांडीवरून उचलून मधल्या खुर्चीवर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

“एवढंच तेव्हा म्हणायचं होतंस.”

“हो,” मी म्हटलं.

मग आम्ही दोघी दाराकडे बघत बसून राहिलो.